भोकांवरून वाचलेला शिलालेख

१७५८ साली दक्षिण फ्रान्समधील नीम या शहरात एका जुन्या रोमन मंदिराच्या दर्शनी भागासमोर लाकडी परांची बांधण्यात आली. पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ तीवर चढले आणि खांबांच्या वरच्या आडव्या दगडी पट्ट्यावर कागद लावून त्यावर खुणा उतरवू लागले. त्या पट्ट्यावर अक्षर एकही नव्हते. होती ती फक्त भोके.

या गृहस्थांचे नाव झाँ-फ्रान्स्वा सेगिये. जन्म नीमचाच, १७०३ सालचा. त्यांचा व्यासंग मुख्यतः वनस्पतिशास्त्राचा. वनस्पतींवरील ग्रंथांची मोठी सूची त्यांनी तयार केली होती आणि इटलीत व्हेरोना येथे वीस वर्षांहून अधिक काळ राहून जीवाश्म, नाणी, शिलालेख असे जे मिळेल ते गोळा केले होते. तेथील त्यांचे ज्येष्ठ स्नेही आणि विद्वान माफेई यांचे १७५५ साली निधन झाल्यावर ते आपल्या गावी परतले. गावात आल्यावर त्यांचे लक्ष या भोकांकडे गेले.

नीम हे शहर ऱ्होन नदीच्या पश्चिमेला, भूमध्य समुद्रापासून फार दूर नसलेले, आज सुमारे दीड लाख वस्तीचे आहे. (नावाचा कडुनिंबाशी काही संबंध नाही. नेमाउसुस या झऱ्याच्या देवतेवरून ते पडले.) रोमन काळातील इतक्या वास्तू इतक्या चांगल्या स्थितीत एकाच शहरात असण्याचे प्रसंग कमी. प्रवासी येथे येतात, प्रेक्षागाराची छायाचित्रे घेतात आणि पुढच्या गावाला जातात. पण शिक्षकाने जरा थांबून पाहावे असे येथे वेगळेच काही आहे. जे आता नाही, त्याने मागे ठेवलेल्या जागेवरून ते काय होते हे कसे ओळखायचे, याचे तीन-चार उत्तम नमुने या एका शहरात पायी फिरत पाहता येतात.

पहिला नमुना अर्थातच सेगिये यांचे मंदिर. त्याला ‘मेझों कारे’ म्हणजे ‘चौकोनी घर’ म्हणतात. प्रत्यक्षात ते लांबट आयताकृती आहे, पण जुन्या फ्रेंच भाषेत चारही कोन काटकोन असले की तो आकार ‘कारे’. उंच जोत्यावर उभे असलेले हे मंदिर सुमारे २६ मीटर लांब आणि १३-१४ मीटर रुंद आहे. खांब तीस. त्यांतले पुढचे दहा मोकळे आणि उरलेले वीस भिंतीत अर्धे गुंतलेले. इतके धडधाकट रोमन मंदिर क्वचितच आढळते, आणि त्याचे कारण गमतीचे आहे. ही इमारत कधी रिकामी राहिलीच नाही. कधी ती राहते घर होती, कधी तबेला, कधी चर्च, राज्यक्रांतीनंतर सरकारी दफ्तरखाना, १८२३ पासून संग्रहालय. वापरात असलेल्या इमारतीचे छप्पर कोणीतरी शाकारत असते. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळाची इमारत बांधताना थॉमस जेफरसनने नमुना म्हणून हीच वास्तू निवडली. तीही तिला डोळ्यांनी न पाहता, चित्रांवरून. प्रत्यक्ष पाहायला तो १७८७ साली आला.

पण ही वास्तू कोणाची, हे १७५८ पर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. सम्राट हेड्रियनने प्लोटिना राणीच्या स्मरणार्थ नीममध्ये एक इमारत बांधल्याचा उल्लेख जुन्या लेखनात आहे. तीच ही, असे बरेच जण मानत. म्हणजे काळ इसवी सनाचे दुसरे शतक. कोणी म्हणे, हे नगरसभेचे स्थान असावे. तर्काला बंधन नव्हते, कारण बांधणाऱ्याचा लेख नाहीसा झाला होता.

रोमन लोक महत्त्वाच्या इमारतींवर कांस्याची अक्षरे ओतून बसवीत. प्रत्येक अक्षराच्या पाठीला खुंट्या असत. दगडात भोके पाडून त्यांत त्या शिशाने पक्क्या करीत. पुढे साम्राज्य गेले, धातूला किंमत आली आणि कोणीतरी अक्षरे उपटून नेली. भोके मात्र नेता येत नाहीत. आपल्याकडे दुकानाच्या किंवा शाळेच्या फलकावरचे एखादे पितळी अक्षर गळून पडते, तेव्हा स्क्रूच्या भोकांवरून तेथे ‘क’ होता की ‘ल’ होता हे आपण सांगू शकतो. मात्र त्यासाठी बाजूची अक्षरे शाबूत असावी लागतात. सेगिये यांच्यासमोर दोन्ही ओळींत एकही अक्षर शिल्लक नव्हते.

अशा भोकांवरून लेख वाचता येईल ही कल्पना त्यांच्याआधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीस, पेइरेस्क या फ्रेंच विद्वानाला सुचली होती. सेगिये यांनी ती चिकाटीने तडीस नेली. प्रत्येक भोक त्यांनी आहे त्या जागी, आहे त्या मापाने कागदावर उतरवले. मग त्या भोकांवर रोमन मोठ्या लिपीतली अक्षरे बसवून पाहायची. या लिपीचा एक फायदा असा की अक्षरांची वळणे ठरलेली असतात. ‘आय’ म्हणजे एकच उभा दांडा. त्याची भोके एकाखाली एकच असणार, बाजूला एकही चालणार नाही. ‘एल’ला उभ्या दांड्याखेरीज तळाशी उजवीकडे आधार लागेल. अडचण अशी की कारागीर प्रत्येक वेळी खुंट्या त्याच ठिकाणी लावीत नसत, शिवाय काही भोके एकाहून अधिक अक्षरांना चालू शकत. तेव्हा एकेक अक्षर सुटे ओळखून भागत नाही. अक्षर शब्दात बसले पाहिजे, शब्द रोमन लेखांच्या ठराविक रीतीत बसला पाहिजे आणि एकूण लांबी दगडाच्या लांबीशी जुळली पाहिजे. व्हेरोनात शेकडो शिलालेख हाताळल्याचा सेगिये यांना येथे उपयोग झाला. वनस्पती ओळखण्याच्या सवयीचाही झाला असावा, असे मला वाटते. एका पाकळीवरून जात ठरवायची नसते, हे तेथे पहिल्याच दिवशी शिकावे लागते.

लेख असा निघाला : ऑगस्टसचा पुत्र, कॉन्सल गायुस सीझर आणि ऑगस्टसचा पुत्र, नियोजित कॉन्सल लुसियस सीझर, या तरुणांच्या अग्रणींना अर्पण. ‘सीझर’, ‘ऑगस्टसचा पुत्र’ हे शब्द वरच्या ओळीत दोनदा येतात, त्यामुळे एका ठिकाणचे वाचन दुसऱ्या ठिकाणी पडताळून पाहण्याचीही सोय होते.

या दोन नावांवरून कालनिर्णय कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. गायुस आणि लुसियस ही ऑगस्टसची नातवंडे. त्याची मुलगी जूलिया आणि सेनापती आग्रिपा यांची ही मुले. ऑगस्टसला मुलगा नव्हता म्हणून इ. स. पू. १७ मध्ये त्याने दोघांना दत्तक घेतले. गायुस इ. स. १ मध्ये कॉन्सल झाला. लेखात त्याला कॉन्सल म्हटले आहे, म्हणजे लेख त्याआधीचा नाही. लुसियस कॉन्सल होण्यापूर्वीच इ. स. २ मध्ये मार्सेय येथे, नीमपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, वारला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. गायुस इ. स. ४ मध्ये आशिया मायनरमध्ये जखमेने गेला. तेव्हा मंदिराचे अर्पण इसवी सनाच्या पहिल्या चार-पाच वर्षांतले ठरते. हेड्रियनचा काळ एका फटक्यात शंभराहून अधिक वर्षे मागे गेला.

शास्त्रात कोणतेही वाचन अखेरचे नसते. विसाव्या शतकात काही अभ्यासकांनी शंका काढली, की काही भोके सेगिये यांच्या अक्षरांना लागत नाहीत, ती जास्तीची आहेत. तेव्हा आधी तेथे दुसरा लेख असावा, आणि तो मुलांचा नसून बापाचा, म्हणजे आग्रिपाचा असावा. ही शंका मोहात पाडणारी होती. आग्रिपा नीमचा आश्रयदाता होता, मोठा बांधकाम करणारा होता. त्याने मंदिर बांधले असे म्हटले की सगळे कसे छान जुळते. १९७० साली रोबेर आमी या वास्तुतज्ज्ञाने सर्व भोकांची पुन्हा मापे घेतली आणि सेगिये यांचेच वाचन योग्य असल्याचे दाखवून दिले. नाव मोठे होते, पण भोकांनी त्याला साथ दिली नाही.

हा खेळ वर्गात करून पाहता येईल. पुठ्ठ्याची अक्षरे कापून प्रत्येकाला दोन-तीन टाचण्या लावायच्या, त्या जाड कागदावर टोचून एक वाक्य लिहायचे, मग अक्षरे काढून घ्यायची आणि भोकांचा कागद दुसऱ्या गटाला द्यायचा. देवनागरीत हे रोमनपेक्षा अवघड जाते. काना, वेलांटी, मात्रा यांच्या टाचण्या फार घोटाळा करतात. पण शिरोरेषेमुळे कोणती मदत होते हे मुलांनाच शोधू द्यावे. कोणता गट आधी ‘हे अक्षर नक्की नाही’ असे म्हणतो आणि कोणता गट दामटून उत्तर देतो, तेही शिक्षकाने टिपून ठेवावे.

मंदिरापासून वायव्येकडे चालत गेले की मूळ झऱ्याची जागा येते. भोवती अठराव्या शतकात आखलेली बाग आहे. बागेमागच्या टेकडीवर तूर मान्य, म्हणजे मोठा बुरूज, उभा आहे. आज त्याची उंची तीस मीटरहून थोडी अधिक आहे, मूळची आणखी होती. ऑगस्टसच्या काळात शहराभोवती सुमारे सहा किलोमीटर लांबीचा तट बांधला गेला, त्यातला हा सर्वांत उंच बुरूज.

सेगिये यांनी भोके वाचली तर येथे एकाने भविष्य वाचले. नॉस्त्रादामुसच्या एका भाकितातून त्राका नावाच्या नीमच्या माळ्याने असा अर्थ काढला, की या बुरुजात गुप्तधन आहे आणि ते माळ्यालाच सापडणार. १६०१ साली त्याने राजाची परवानगी मिळवली आणि बुरुजाच्या पोटात खणायला सुरुवात केली. सापडले काहीच नाही. त्याने जे दगड आतून उपसून काढले, तोच खरा ठेवा होता हे फार पुढे कळले. रोमनांनी हा बुरूज नव्याने उभारला नव्हता. तेथे आधीपासून स्थानिक केल्टिक लोकांचा, चुन्याशिवाय दगड रचून केलेला जुना बुरूज होता आणि रोमनांनी त्यालाच बाहेरून वेढून दुपटीने उंच केला होता. माळ्याने आतला जुना बुरूज जवळजवळ सगळा काढून टाकला. पण रोमन बांधकाम त्याला चिकटून चढवलेले असल्यामुळे आतल्या पोकळीत जुन्या बुरुजाचा आकार साच्यासारखा उमटून राहिला आहे. आज आत शिरून वर पाहणारा माणूस नसलेल्या बुरुजाची बाहेरची बाजू आतून पाहत असतो. आधी पोकळी, मग तिच्यावरून वस्तू, हे पुन्हा आलेच.

प्रेक्षागाराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल सगळीकडे वाचायला मिळते. लंबवर्तुळाकार, सुमारे १३३ मीटर लांब व १०१ मीटर रुंद, दोन मजल्यांवर प्रत्येकी साठ कमानी, वीस हजारांहून अधिक प्रेक्षकांची सोय. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस ते बांधले गेले. मला स्वतःला त्यात सर्वांत आवडते ते राखीव जागांचे लेख. ऱ्होन व सोन या नद्यांवरच्या नावाड्यांसाठी चाळीस जागा आणि दुसऱ्या दोन लहान नद्यांवरच्या नावाड्यांसाठी पंचवीस जागा नगरसभेच्या ठरावाने राखून ठेवल्याचे दगडावर कोरलेले आहे. नदीवरच्या व्यापाराचे शहरात किती वजन होते हे त्यावरून समजते. मध्ययुगात लोकांनी या प्रेक्षागारातच घरे बांधली. आत दोन चर्चसुद्धा होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ही वस्ती हटवून ‘शुद्ध’ रोमन वास्तू मोकळी करण्यात आली. सात-आठशे वर्षांचा इतिहास खरवडून त्याखालचा इतिहास दाखवला गेला. त्या काळी कोणाला त्यात वावगे वाटले नाही.

आता शहराबाहेर. नीमपासून ईशान्येला सुमारे वीस किलोमीटरवर गार्दों नदीवर ‘पाँ द्यु गार’ हा तीन मजली दगडी पूल आहे. उंची ४९ मीटर. खालच्या मजल्यावर सहा, मधल्यावर अकरा कमानी आणि सर्वांत वर लहान कमानींची रांग. त्या मुळात ४७ होत्या, आता ३५ आहेत. हा पूल माणसांसाठी नव्हे, पाण्यासाठी बांधला. अगदी वरून एक पाट जातो. उझेस गावाजवळच्या झऱ्याचे पाणी नीमला नेणाऱ्या पाटाचा हा एक तुकडा आहे.

हिशेब पाहा. झऱ्यापासून नीम सरळ रेषेत वीस किलोमीटर. मध्ये डोंगराळ माळ, म्हणून पाट वळसे घेत पन्नास किलोमीटर नेला. झरा आणि शहरातला हौद यांच्या उंचीतला फरक मात्र सुमारे साडेबारा मीटर, म्हणजे चार मजली इमारतीएवढा. किलोमीटरला सरासरी पंचवीस सेंटिमीटर उतार. क्रिकेटच्या खेळपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमीन फक्त पाच मिलिमीटर उतरली तर जेवढा उतार होईल, तेवढा. त्यातही तो सगळीकडे सारखा ठेवलेला नाही. पुलाच्या अलीकडे थोडा जास्त ठेवला, म्हणजे पूल काही मीटर ठेंगणा झाला तरी चालेल, आणि पुढे काटकसर केली. हे सगळे दुर्बिणीच्या लेव्हलशिवाय. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने वीस फूट लांब लाकडी फळीच्या एका साधनाचे वर्णन केले आहे. तिला ओळंबे लटकवलेले असत, आणि वारा असला तर फळीवरच्या खोबणीत पाणी ओतून सपाटी पाहत. म्हणजे आपल्या गवंड्याचा ओळंबा आणि पाणसळ, दोन्ही एकाच फळीवर.

मापात चुकाही झाल्या. पुलावर आणि त्याच्या अलीकडच्या भागात पाटाच्या भिंती नंतर उंच केल्याच्या खुणा आहेत. पाणी सोडल्यावर उतार कमी पडून ते काठावरून वाहू लागले असणार. या खुणा मुलांना जरूर सांगाव्यात. रोमन अभियंते अचूक होते या वाक्यापेक्षा, चूक लक्षात आल्यावर त्यांनी भिंत चढवली हे वाक्य जास्त खरे आहे.

पुलाच्या दगडांवर कारागिरांच्या खुणाही आहेत. एका ठिकाणी ‘दर्शनी बाजू, डावीकडे, तिसरा’ अशा अर्थाची संक्षिप्त अक्षरे कोरलेली आहेत. खालच्या दोन मजल्यांत दगड चुन्याशिवाय बसवलेले आहेत, तेव्हा कोणता दगड कोठे जायचा हे खाणीजवळच ठरलेले असे. मधूनमधून काही दगड भिंतीबाहेर डोकावतात ते परांचीच्या आधारासाठी. काम संपल्यावर ते तासण्याची तसदी कोणी घेतली नाही. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांसाठी आणखी एक माहिती : खालच्या मजल्याला लागून जो रस्त्याचा पूल आहे, तो १७४३ ते १७४७ या काळात बांधणारे अभियंता म्हणजे द्रवाचा वेग मोजणाऱ्या ‘पिटो नळी’चे आँरी पिटो. विमानाचा वेग मोजायला आजही याच तत्त्वाची नळी वापरतात.

हा पाट कोणी बांधला? पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांतून उत्तर येत होते : आग्रिपाने, इ. स. पू. १९ च्या सुमारास. का? तर आग्रिपा तेव्हा गॉलमध्ये होता आणि रोमचा पाणीपुरवठा त्यानेच सुधारला होता. पुलावर तसा लेख मात्र कोठेही नाही. १९८० नंतर या पाटाचे पद्धतशीर उत्खनन झाले, तेव्हा बांधकामाच्या वेळी पडलेल्या राडारोड्यात खापरे आणि नाणी मिळाली. मजुरांनी फोडलेली भांडी आग्रिपाच्या काळातली नव्हती, सुमारे साठ-सत्तर वर्षे नंतरची होती. त्यावरून आज पाटाचा काळ इ. स. ४० ते ६० च्या आसपास धरतात. मंदिरावरून भोकांनी उतरवलेला आग्रिपा खापरांनी पुलावरूनही उतरवला. नीमच्या नाण्यावर मात्र तो पक्का आहे. एका बाजूला ऑगस्टस आणि आग्रिपा पाठीला पाठ लावून, दुसऱ्या बाजूला ताडाला साखळीने बांधलेली मगर, म्हणजे जिंकलेला इजिप्त. सुट्ट्यासाठी हे नाणे सर्रास अर्धे कापत, त्यामुळे अर्ध्या नाण्यावर कधी एकटा आग्रिपा सापडतो, कधी एकटा ऑगस्टस.

पाट किती दिवस चालला, हे सांगणारी नोंद पाण्याने स्वतःच करून ठेवली आहे. झऱ्याचे पाणी चुनखडीतून येते. त्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. उघड्या पृष्ठभागावरून कार्बन डायऑक्साइड निसटला की कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते. आपल्या घरच्या बंबात पांढरे पूट चढते, तसेच. १.२ मीटर रुंदीच्या पाटात दोन्ही बाजूंना हे पूट चढत जाऊन काही ठिकाणी जवळजवळ अर्ध्या मीटरचे झाले. मध्ये पाण्याला उरली ती एक फट. या थरांचा छेद घेतला की आतले, म्हणजे आधीचे, थर स्वच्छ आणि घट्ट दिसतात. नंतरच्या थरांत माती आणि झाडांची मुळे सापडतात. म्हणजे वरची झाकणे फुटली होती, निगा राखणारी माणसे नव्हती, तरी पाणी वाहतच होते. सहाव्या शतकाच्या सुमारास तेही थांबले. आसपासच्या गावकऱ्यांनी मग हे थर फोडून चांगले बांधकामाचे दगड म्हणून वापरले. शतकानुशतके वाहिलेल्या पाण्याची भिंत घराला लागली.

पाट जेथे संपतो ती जागा शहरातच, एका साध्या रस्त्याच्या कडेला आहे. अनेक प्रवासी ती न पाहताच जातात. १८४४ साली जमिनीखाली सापडलेला हा एक उथळ, गोल हौद आहे, व्यास पाच-सहा मीटर. एका बाजूला चौकोनी तोंडातून पाटाचे पाणी आत येई. समोरच्या वळणदार काठाला हातभर व्यासाची दहा गोल भोके आहेत आणि तळाला आणखी तीन. काठाच्या भोकांतून शिशाचे नळ निघून शहराच्या निरनिराळ्या भागांत जात. दहाही भोके एका पातळीत आणि सारख्या मापाची आहेत. एक जरी चार बोटे खाली असते, तर त्या पेठेला पाणी जास्त आणि उरलेल्यांना कमी मिळाले असते. तळाच्या तीन भोकांतून हौद रिकामा करून साफ करता येई. शिसे तर मंदिराच्या कांस्यासारखेच केव्हाच कोणीतरी काढून नेले.

कठड्याशी उभे राहून मुलांना विचारता येईल, की कोणता नळ कोणाचा असेल. सार्वजनिक कारंजी, स्नानगृहे आणि खासगी घरे असे वाटप व्हिट्रुव्हियस सुचवतो, पण त्याचे तीन भाग या दहा भोकांवर नेमके बसत नाहीत.